पट्टी सोडतानाची वेदना

‘मलमपट्टी’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत आता बहुधा निंदेसाठीच येतो. दुष्काळावरची मलमपट्टी, शिक्षणव्यवस्थेवरची वरवरची मलमपट्टी असे आपण लिहितो तेव्हा मूळ दुखणे तसेच ठेवून केलेला दिखाऊ इलाज, एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. ‘खपली काढणे’ या शब्दप्रयोगाचेही तसेच. जुने दुःख विनाकारण उकरून काढणाऱ्याला आपण खपली काढू नकोस असे सांगतो. भाषेच्या दृष्टीने मलमपट्टी म्हणजे उथळपणा आणि खपली काढणे म्हणजे निर्दयपणा. ज्याच्या घोट्यावर वर्षानुवर्षे न भरणारा व्रण आहे त्याच्या लेखी मात्र मलमपट्टी हाच दिवसाआडचा गंभीर व्यवहार असतो आणि खपली काढणे हा उपचाराचा भाग. रूपक आणि वस्तुस्थिती यांच्यात पडलेले हे अंतर लक्षात घेऊन एका उपेक्षित इतिहासाकडे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. तो इतिहास आहे पायावरचा व्रण साफ करताना होणाऱ्या वेदनेचा, आणि ती शमवण्यासाठी निघालेल्या बधिर करणाऱ्या मलमाचा.

प्रथम या व्रणाविषयी. पायाच्या शिरांमध्ये रक्त हृदयाकडे वर चढावे, खाली परतू नये यासाठी झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचते, शिरा फुगतात, घोट्याच्या आतल्या अंगाची कातडी काळपट आणि कडक होते. मग एखादे किरकोळ खरचटणेही भरून येत नाही. त्याचा व्रण होतो. तासन्‌तास उभे राहून काम करणाऱ्यांना हा धोका अधिक. उपचाराचा कणा म्हणजे पायाला खालून वर घट्ट गुंडाळलेली दाबपट्टी. पण त्याआधी व्रणाच्या तळाशी साचलेला पिवळट चिकट थर आणि मेलेले मांस चिमट्याने, पात्याने किंवा चमच्यासारख्या धारदार उपकरणाने खरवडून काढावे लागते. हे एकदा करून भागत नाही. व्रण महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतो आणि सफाई पुनःपुन्हा करावी लागते. शस्त्रक्रियेची वेदना आयुष्यात एकदा येते. पट्टी सोडण्याची वेदना ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येते आणि रोग्याला ती आदल्या रात्रीपासून माहीत असते.

आपल्या साहित्यात पट्टी बांधण्याची कथा आहे. श्रीकृष्णाच्या कापलेल्या बोटाला द्रौपदीने आपले भरजरी वस्त्र फाडून चिंधी बांधली, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती चिंधी दुसऱ्या दिवशी सोडताना काय झाले, हे कोणी सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही. देवाची जखम भरून येते. न भरणाऱ्या जखमेसाठी आपल्याकडे अश्वत्थामा आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला जातो, आणि पू-रक्ताच्या दुर्गंधीसह तीन हजार वर्षे एकाकी भटकत राहण्याचा शाप त्याला मिळतो. मराठी समीक्षेने आणि कवितेने त्याची ‘भळभळती जखम’ इतक्यांदा वापरली आहे की तिच्यातले रक्त केव्हाच आटले. लोककथेने मात्र एक तपशील जपला आहे. तिच्यातला अश्वत्थामा दारोदार, रानोमाळ तेल मागत फिरतो. जखम बरी होणार नाही हे त्याला ठाऊक आहे. त्याला हवा आहे तो घटकाभराचा आराम. बरे होणे आणि आराम पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी मागणीही मान्य करण्याजोगी आहे, हे जे शास्त्रीय वैद्यकाला पुष्कळ उशिरा उमगले, ते लोककथेने एका वाटीभर तेलात सांगून टाकले आहे.

प्राचीन वैद्यकाला मात्र ही मागणी अपरिचित नव्हती, असे सुश्रुतसंहिता पाहता म्हणावे लागते. व्रणाच्या चिकित्सेसाठी सुश्रुताने साठ उपक्रम सांगितले आहेत. सूत्रस्थानात शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला खाऊ घालावे आणि मद्य घेण्याची सवय असलेल्याला तीक्ष्ण मद्य द्यावे, असा सल्ला आहे. अन्नामुळे त्याला मूर्च्छा येत नाही आणि मद्यामुळे शस्त्र जाणवत नाही. त्याच स्थानाच्या पाचव्या अध्यायाच्या अखेरीस त्याहून सूक्ष्म गोष्ट येते. शस्त्र लागल्यामुळे उद्भवलेल्या तीव्र वेदनेवर ज्येष्ठमध घातलेले कोमट तूप त्या जागी शिंपडावे म्हणजे ती शमते, असे तेथे म्हटले आहे. मद्य सबंध माणसाला गुंगवते. तूप फक्त दुखऱ्या जागेशी बोलते. सर्वांगाची भूल आणि जागेपुरते शमन हा भेद येथे स्पष्ट आहे. ज्येष्ठमधाचे तूप आजच्या अर्थाने बधिर करीत असेल असा दावा यातून करू नये. महत्त्वाचे हे की व्रणाची वेदना हा व्रणाइतकाच चिकित्सेचा विषय मानला गेला होता.

आधुनिक भूलशास्त्राचा इतिहास लिहिला जातो तेव्हा १८४६ साली बोस्टन येथे झालेला ईथरचा प्रयोग आणि १८४७ साली एडिंबरा येथे सिम्प्सनने वापरलेला क्लोरोफॉर्म यांपासून सुरुवात होते. या इतिहासाचे एक प्रकरण आपल्या अगदी जवळचे आहे, आणि मराठवाड्याच्या वाचकाला ते ठाऊक असायला हवे. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत तेथेच राहिला. त्या राज्याच्या राजधानीत एडवर्ड लॉरी हा रेसिडेन्सी सर्जन आणि वैद्यकशाळेचा प्रमुख होता. क्लोरोफॉर्मने माणसे मरतात ती हृदय बंद पडल्यामुळे की श्वास बंद पडल्यामुळे, हा त्या काळचा मोठा वाद. श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीकडे नको, असे लॉरीचे ठाम मत होते. ते सिद्ध करण्यासाठी १८८८ साली पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. ‘लॅन्सेट’ने त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतली तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी पैसा पुरवला, लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाचारण करण्यात आले आणि १८८९ साली दुसऱ्या कमिशनने शेकडो कुत्री, माकडे व इतर प्राण्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष लॉरीच्या बाजूने लागला. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो हे दाखवले आणि तो निष्कर्ष टिकला नाही. याच वैद्यकशाळेत रूपाबाई फरदुनजी शिकल्या. हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम त्यांनी केले. जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

हा इतिहास अभिमानाचा आहे यात शंका नाही. पण त्यातला प्रश्न कोणता होता, हेही पाहिले पाहिजे. प्रश्न होता शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडव्या पडलेल्या माणसाचा. तेथे सर्जन असतो, प्रेक्षक असतात, मृत्यू शक्य असतो आणि म्हणून वाद, कमिशन, अहवाल हे सर्व संभवते. पट्टी सोडण्याच्या खोलीत यातले काही नसते. त्या वेदनेने कोणी मरत नाही. काम करणारा कंपाउंडर किंवा ड्रेसर असतो. घरी असेल तर बायको, सून किंवा आई. रुग्णालयाच्या श्रेणीत ड्रेसरचे स्थान शेवटच्या पायऱ्यांवरचे, आणि वेदनांच्या श्रेणीत त्याच्या हातून होणाऱ्या वेदनेचे स्थानही तेथेच. सर्जन रोग्याला भूल देतो. ड्रेसर म्हणतो, ‘थोडं सहन करा.’ गेल्या दीडशे वर्षांत भूलशास्त्राने जी मजल मारली ती पहिल्या वाक्याची आहे. दुसरे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे राहिले.

‘भूल’ या शब्दाकडेही थोडे थांबून पाहावे. विसर, चूक, मोहिनी, रानात वाट चुकवणारा चकवा, असे अर्थ वागवणारा हा जुना शब्द मराठीने ईथर-क्लोरोफॉर्मसाठी सहज पुढे केला. संस्कृतोद्भव ‘संज्ञाहरण’ ग्रंथांत राहिले आणि दवाखान्यात भूलच रुजली. तिच्यात जाणीव हरवण्याचा भाव आहे. माणूस घटकाभर स्वतःलाच विसरतो. जागेपुरत्या भुलीला मात्र हा शब्द नीट बसत नाही, कारण तेथे माणूस पूर्ण जागा असतो, बोलत असतो, आपल्या पायाकडे पाहत असतो. तेथे आपण ‘बधिर करणे’ म्हणतो. बधिर म्हणजे मुळात बहिरा. वेदना ही एक हाक आहे आणि ती ऐकू न येणे म्हणजे बधिरता, अशी ही नकळत झालेली सुरेख शब्दयोजना आहे.

ही बधिरता औषधाने आणता येते हे १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्यात कोकेनचे थेंब घालून दाखवले. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेन आले. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केले आणि काही वर्षांतच ते ‘झायलोकेन’ या नावाने जगभर गेले. आपल्याकडे लिग्नोकेन म्हणतात ते हेच. दात काढताना टोचतात ते इंजेक्शन आणि दवाखान्यात ठेवलेली जेली यांमुळे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. अडचण एकच होती. धडधाकट कातडी ही उत्तम तटबंदी आहे. तिच्यावर नुसते चोपडलेले औषध आत पुरेसे जात नाही. १९८०च्या दशकात स्वीडिश संशोधकांनी यावर तोड काढली. लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन्ही औषधे सामान्य तापमानाला कोरडी, स्फटिकरूप असतात. ती समप्रमाणात एकत्र केली की एकमेकांच्या संगतीने वितळून तेलासारखी होतात. प्रत्येकी अडीच टक्के प्रमाणात या मिश्रणाचे मलम बनवले गेले, त्याला ‘एम्ला’ हे नाव मिळाले. लहान मुलांना सुई टोचण्यापूर्वी कातडी बधिर करणे हा त्याचा प्रमुख वापर. लवकरच ते पायाच्या व्रणावर वापरून पाहण्यात आले. व्रणाच्या जागी कातडीची तटबंदीच उरलेली नसते. मलमाचा जाड थर लावायचा, वर प्लॅस्टिकचे आवरण घालायचे, अर्धा ते पाऊण तास थांबायचे, मलम पुसून काढायचे आणि लगेच सफाई सुरू करायची, अशी ही साधी रीत आहे. एका वेळी दहा ग्रॅमहून अधिक वापरू नये असे सांगितले जाते, कारण उघड्या जागेतून औषध रक्तात उतरते, आणि प्रिलोकेन प्रमाणाबाहेर गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. लावताच थोडी आगही होऊ शकते.

या मलमाने खरोखर फरक पडतो का? मिशेल ब्रिग्ज आणि अँड्रिया नेल्सन यांनी यावरच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेसाठी आढावा घेतला. त्याची सुधारित आवृत्ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यात या मलमाच्या सहा चाचण्या होत्या, त्यांत मिळून ३४३ रोगी. शंभर मिलिमीटरच्या एका रेषेवर रोग्याने खूण करायची. डावे टोक म्हणजे वेदना मुळीच नाही, उजवे टोक म्हणजे कल्पनेपलीकडची वेदना. मलम लावलेल्यांची खूण सरासरीने सुमारे वीस मिलिमीटर डावीकडे सरकली. व्रण भरण्यावर मलमाचा बरा-वाईट परिणाम काय, हे सांगण्याइतका पुरावा मात्र नव्हता. म्हणजे मलमाने काही बरे केले असे सिद्ध झाले नाही. त्याने आराम दिला. लोककथेतल्या वाटीभर तेलाला मोजमाप मिळाले ते असे, वीस मिलिमीटरचे.

साहित्याच्या अभ्यासकाला या रेषेविषयी दोन प्रकारे वाटू शकते. एक तर हे की तिच्यामुळे प्रथमच कोणीतरी रोग्याला ‘दुखतंय का, किती दुखतंय’ असे विचारले आणि त्याचे उत्तर पुरावा म्हणून नोंदवले. हे लहान काम नाही. दुसरे असे की ती रेषा मुकी आहे. रोनाल्ड मेलझॅक यांना हे जाणवले होते. १९७५ साली त्यांनी मॅकगिल विद्यापीठात तयार केलेल्या प्रश्नावलीत वेदनेची ७८ विशेषणे वीस गटांत लावून रोग्यापुढे ठेवली. मराठीत अशी यादी करायला बसलो तर किती शब्द हाती लागतात ते पाहा: ठणका, ठसठस, कळ, चमक, शूळ, सल, रग, आग, भगभग, चरचर, चुणचुण, झोंबणे, टोचणे, हुळहुळणे, फणफणणे. हे समानार्थी शब्द नव्हेत. ठणका नाडीच्या ठोक्यावर येतो. चरचर औषध लागताच होते. झोंबण्याला बाहेरचा कोणी तरी कारणीभूत असतो. हुळहुळणारी जागा स्पर्शापूर्वीच स्पर्शाला भिते. व्रण रात्री ठसठसतो, पट्टी सोडताना चरचरतो आणि सफाईनंतर तासभर त्याची आग होते. तिन्हींचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा. बधिर करणारे मलम यांतल्या मधल्या वेदनेपुरते आहे. रोगी शब्दाने हा भेद करून देतो. केसपेपरवर मात्र एकच ‘पेन’ आणि त्यापुढे एक-दोन अधिकचिन्हे एवढेच उतरते.

बधिरतेची दुसरी बाजू मांडल्याशिवाय हे विवेचन एकांगी होईल. ज्या समाजाने पायावरचे व्रण सर्वाधिक भयाने पाहिले त्या समाजात ते बहुधा कुष्ठरोगाचे होते, आणि कुष्ठरोगाचा व्रण दुखत नाही. वेलोर येथे पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की बोटे झडतात ती रोग मांस खातो म्हणून नव्हे. संवेदना गेल्यामुळे चटका, खडा, खिळा कळत नाही आणि जखमांवर जखमा होत जातात. अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी आणि आनंदवनात बाबा आमट्यांनी अशाच न दुखणाऱ्या जखमा धुतल्या. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांची गोष्ट आज तीच आहे. तेथे वेदना परत मिळाली तर ती वरदान ठरेल. तेव्हा बधिरता स्वतः चांगली किंवा वाईट नाही. ती कोणी, किती वेळासाठी आणि कोणाच्या संमतीने आणली, यावर सारे अवलंबून आहे. तासाभराने ओसरणारी, मागून घेतलेली बधिरता आणि आयुष्यभराची लादलेली बधिरता यांना एकच शब्द असणे ही भाषेची अडचण आहे.

येथून पुन्हा बीड जिल्ह्याकडे वळू. दसरा उलटला की येथली लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पहाटेपासून फडात उभे राहायचे, वाकायचे, मोळ्या डोक्यावर वाहायच्या. पाचटाने पाय चिरतात, कोयता निसटतो. पायावर व्रण होण्यास आणि झालेला न भरण्यास यापेक्षा अनुकूल परिस्थिती क्वचितच असेल. एक दिवस काम बुडाले की ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. अशा माणसाला मलमाची ट्यूब परवडेल की नाही हा प्रश्न आहेच. पण त्याहून अवघड प्रश्न त्या अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. मलमाला वेळ द्यावा लागतो. बाहेर रांग असलेल्या दवाखान्याला तो नसतो आणि खाड्याच्या भीतीने आलेल्या रोग्यालाही नसतो. ‘थोडं सहन करा’ हे वाक्य निर्दयपणातून कमी आणि घाईतून अधिक येते. दोन्ही बाजू घाईत असतात, आणि त्या घाईची किंमत एकच बाजू मोजते.

वेदनेला वेळ न देण्याचा शेवट कोठे होऊ शकतो, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. गर्भाशये काढलेल्या ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या दुखण्यांची आणि पायाच्या व्रणाची जात वेगळी आहे. पण हिशेब ओळखीचा वाटतो. दुखणे ऐकून घ्यायला, निदान करायला, टप्प्याटप्प्याने शमवायला वेळ लागतो. अवयव काढून टाकणे एका दिवसाचे काम असते. येथे शस्त्रक्रियेला भूल मिळाली, आणि ज्या रोजच्या वेदनेने बाई दवाखान्यात आली तिला कान मिळाला नाही.

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई साहित्याच्या विद्यार्थ्यांना मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे गाव म्हणून ठाऊक असते. याच गावात १९७०च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. खेड्यातून येणारा रोगी ठसठस आणि चरचर वेगळी सांगतो, आणि ऐकणारा तरुण डॉक्टर पुष्कळदा दुसऱ्याच बोलीतून आलेला असतो. भाषेच्या अभ्यासकांनी बोलींतील वेदनेचे शब्द त्यांच्या नेमक्या प्रसंगांसह गोळा करून अशा महाविद्यालयांना दिले, तर ते उपयोगाचे काम होईल. पट्टी सोडण्यापूर्वी अर्धा तास मलम लावून थांबायचे की नाही, हे शेवटी ड्रेसर आणि डॉक्टर ठरवतील. पण त्या निर्णयाआधी रोग्याने उच्चारलेला शब्द त्यांना कळलेला असला पाहिजे, आणि तो कळवण्याचे काम आपल्या कक्षेत येते.